युरोपातील महानगर प्रदेशांचे सहकार्य आणि कारभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरांच्या कारभाराबद्दल आस्था असलेले विद्यार्थी, पत्रकार, नगरसेवक आणि सामान्य वाचक युरोपातील महानगरांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या शहरांचा अनुभव थोडक्यात सांगितला तर त्यातला मुद्दाच हरवतो.

महानगर प्रदेश म्हणजे नेमके काय? शहराची हद्द पुरेशी का पडत नाही?

युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांच्या हद्दी जुन्या काळात आखल्या गेल्या आणि माणसांचे रोजचे जगणे त्या हद्दी केव्हाच ओलांडून गेले. पॅरिसचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. पॅरिस नगरपालिकेचे क्षेत्रफळ जेमतेम १०५ चौरस किलोमीटर आहे, तिची हद्द मुख्यतः १८६० मध्ये ठरली आणि तिच्यात आज सुमारे २१ लाख लोक राहतात. मात्र प्रत्यक्षात सलग पसरलेल्या शहराची वस्ती एक कोटीच्या पुढे आहे. म्हणजे पॅरिसमध्ये काम करणारा, पॅरिसच्या रस्त्यांवर रोज चालणारा मोठा समाज पॅरिसच्या महापौराला मत देऊ शकत नाही.

युरोपीय संघ आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) यांनी मिळून महानगराची एक व्याख्या केली आहे. किमान ५० हजार वस्तीचे दाट केंद्र आणि ज्या गावांतील निदान १५ टक्के नोकरदार त्या केंद्रात कामाला जातात अशी भोवतालची गावे, असे मिळून एक महानगर मानले जाते. ही व्याख्या मला मोलाची वाटते, कारण ती नकाशावरच्या रेघेपासून सुरू न होता माणसाच्या रोजच्या जाण्यायेण्यापासून सुरू होते.

मग हद्दवाढ करून एकच मोठे शहर का केले जात नाही?

पूर्वी तसे केले जात असे. बर्लिन हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. १ ऑक्टोबर १९२० रोजी ७ शहरे, ५९ गावे आणि २७ जमीनदारी इलाखे बर्लिनमध्ये विलीन झाले, शहराचे क्षेत्र ६६ चौरस किलोमीटरवरून ८७८ चौरस किलोमीटर झाले आणि लोकसंख्या जवळजवळ दुप्पट होऊन ३८ लाखांवर गेली. प्रशियाच्या विधिमंडळाने हा कायदा केला, तेव्हा पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि कोळसा, अन्न, घरे यांची टंचाई सर्वांना सारखीच भेडसावत होती.

तशी वेळ पुन्हा सहसा येत नाही. सुस्थितीतील उपनगरांना आपला करमहसूल मध्यवर्ती शहराच्या गरजांसाठी द्यायचा नसतो आणि लहान गावांना आपली नगरपालिका गमवायची नसते. मे १९९६ मध्ये बर्लिन आणि भोवतालचे ब्रांडेनबुर्ग ही दोन राज्ये एक करावीत का, यावर सार्वमत झाले. बर्लिनने होकार दिला, ब्रांडेनबुर्गने नकार दिला आणि प्रस्ताव तेथेच संपला. नेदरलँड्समध्ये तर मध्यवर्ती शहरांनीच नकार दिला. १९९५ मध्ये ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या मतदारांसमोर ‘शहर-प्रांता’ची योजना ठेवली गेली आणि दोन्ही ठिकाणी ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली, कारण नवा प्रांत उभा करताना खुद्द या शहरांचे अनेक नगरपालिकांत विभाजन होणार होते. आपल्या शहराचे नाव आणि त्याची एकसंधता लोकांना किती जवळची असते, हे योजनाकारांच्या हिशेबात आलेच नव्हते.

ब्रांडेनबुर्गच्या नकारानंतरची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. विलीनीकरण फसले त्याच वर्षी दोन्ही राज्यांनी नियोजनासाठी एक संयुक्त विभाग स्थापन केला, पुढे तिकिटांचा एकच परिवहन संघ उभा केला आणि ही दोन्ही कामे आजही चालू आहेत.

महानगर पातळीवरील सहकार्याची रूपे कोणती?

सर्वांत सैल रूप म्हणजे महापौरांचे स्वेच्छामंडळ. त्यात चर्चा होते, पण पटले नाही तर कोणालाही उठून जाता येते. त्यापुढचे रूप एखाद्या कामापुरत्या संयुक्त संस्थेचे. पाणी, घनकचरा, बसगाड्या अशा सेवांसाठी अनेक नगरपालिका मिळून ती चालवतात. हेलसिंकी, एस्पो, व्हांटा आणि काउनियाइनेन या चार शहरांची पाणी व कचरा सांभाळणारी संयुक्त संस्था या प्रकारातली आहे. त्याहून बांधीव रूपात कायद्याने महानगर मंडळ स्थापन होते आणि नगरपालिकांचे प्रतिनिधी त्यात बसतात. शेवटच्या रूपात मतदार महानगराचे सभागृह किंवा महापौर थेट निवडतात. ही पायऱ्यांची चढण आहे असे समजू नये. काही शहरे चढून पुन्हा खाली उतरली आहेत, आणि त्यांचीच हकिगत सर्वाधिक शिकवणारी आहे.

लंडनची महानगर परिषद बरखास्त का झाली?

ग्रेटर लंडन कौन्सिल १९६५ मध्ये अस्तित्वात आली. तिच्या हद्दीत ३२ बरो, म्हणजे स्वतःची निवडून आलेली परिषद असलेले शहराचे विभाग, आणि जुने ‘सिटी ऑफ लंडन’ होते. १९८१ नंतर केन लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्षाने तेथे स्वस्त भाड्यांचे धोरण राबवले आणि केंद्रातील मार्गारेट थॅचर यांच्या सरकारशी उघड संघर्ष केला. परिषदेची इमारत थेम्सच्या पलीकडे, संसदेच्या समोरच होती, आणि तिच्यावर बेरोजगारांचा आकडा लावलेला असे. ३१ मार्च १९८६ रोजी ही परिषद आणि इंग्लंडमधील आणखी सहा महानगर परगण्यांच्या परिषदा बरखास्त झाल्या. त्यानंतर १४ वर्षे युरोपातील या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एकाला शहरभराचे निवडून आलेले शासन नव्हते. कामे बरो, संयुक्त मंडळे आणि सरकारी खाती यांच्यात विखुरली गेली.

१९९८ च्या सार्वमतात ७२ टक्के मते नव्या शासनाच्या बाजूने पडली आणि २००० मध्ये थेट निवडलेला महापौर व २५ सदस्यांची सभा अस्तित्वात आली. पहिले महापौर पुन्हा लिव्हिंगस्टनच झाले. नवी रचना मुद्दाम सडपातळ ठेवली गेली. शाळा, समाजसेवा, रस्तेसफाई बरोंकडेच राहिली. महापौराकडे वाहतूक, शहराचा व्यापक आराखडा, पोलीस व अग्निशमन यांची देखरेख आली. फेब्रुवारी २००३ मध्ये मध्य लंडनमध्ये येणाऱ्या मोटारींवर गर्दी-शुल्क लागू करता आले, ते वाहतुकीचे अधिकार एका निवडून आलेल्या व्यक्तीच्या हाती होते म्हणूनच.

बार्सिलोनातही असेच घडले का?

होय, आणि अवघ्या एका वर्षाच्या अंतराने. बार्सिलोनाचे महानगर मंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले होते. शहर आणि मंडळ यांचे नेतृत्व समाजवादी पास्कुआल मारागाय यांच्याकडे होते, तर कॅटलोनियाचे स्वायत्त शासन राष्ट्रवादी जोर्दी पुजोल यांच्याकडे. प्रदेशाच्या निम्म्या लोकसंख्येच्या आसपास लोक एकाच महानगर संस्थेखाली असतील, तर ती संस्था प्रादेशिक सत्तेला प्रतिस्पर्धी वाटणारच. १९८७ मध्ये कॅटलान संसदेने मंडळ बरखास्त केले आणि त्याची कामे तीन संस्थांत वाटली गेली. एकीकडे वाहतूक, दुसरीकडे पाणी व कचरा आणि तिसरे नगरपालिकांचे स्वेच्छामंडळ. लंडन आणि बार्सिलोना यांचा पक्षीय इतिहास अगदी वेगळा आहे, तरी दोन्हीकडे वरच्या सत्तेला खालच्या सत्तेचे भय वाटले, हे एकच कारण निर्णायक ठरले असे माझे मत आहे. महानगर संस्थांच्या अपयशाचे खापर नेहमी अकार्यक्षमतेवर फोडले जाते; या दोन्ही संस्था मात्र कार्यक्षम होत्या म्हणूनच खुपल्या.

बार्सिलोनाच्या हकिगतीत एक गोष्ट विशेष आहे. १९७६ चा महानगर विकास आराखडा तो करणारी व्यवस्था मोडल्यानंतरही लागू राहिला आणि दशकानुदशके तेथील बांधकामे त्याच नकाशावर होत राहिली. तीन तुकड्यांत काम करणाऱ्या महापौरांची बैठकही मोडली नाही. म्हणून २०१० मध्ये नवा कायदा झाला आणि २०११ मध्ये ३६ नगरपालिकांचे, ६३६ चौरस किलोमीटरचे, ३२ लाखांवर वस्तीचे महानगर मंडळ पुन्हा उभे राहिले, तेव्हा ते शून्यापासून उभे करावे लागले नाही.

ग्रेटर मँचेस्टरचे नाव इतके का घेतले जाते?

कारण येथे सहकार्य कायद्याच्या आधी आले. १९८६ मध्ये लंडनबरोबरच ग्रेटर मँचेस्टरची परगणा परिषदही गेली. तिच्याखालच्या दहा बरोंना, म्हणजे मँचेस्टर, सॅलफर्ड, बोल्टन, बरी, रॉचडेल, ओल्डहॅम, टेमसाइड, स्टॉकपोर्ट, ट्रॅफर्ड आणि विगन यांना, एकत्र राहण्याची कोणतीही सक्ती उरली नव्हती. तरी त्यांनी एक स्वेच्छासंघटना स्थापन केली, विमानतळाची संयुक्त मालकी टिकवली आणि वाहतूक, अग्निशमन, कचरा यांची संयुक्त मंडळे चालवली. १९९२ मध्ये ट्रामचा पहिला टप्पा सुरू झाला. मँचेस्टर परिषदेचे नेते रिचर्ड लीस १९९६ पासून २०२१ पर्यंत पदावर होते आणि मुख्य प्रशासक हॉवर्ड बर्नस्टीन १९९८ पासून २०१७ पर्यंत. इतके स्थैर्य क्वचितच लाभते, आणि वेगवेगळ्या पक्षीय रंगांच्या दहा परिषदांना एकमेकींच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय लागायला तेवढा काळ लागलाच.

हा प्रवास सरळ नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये गर्दी-शुल्क आणि त्या बदल्यात वाहतुकीसाठी मोठा निधी असा प्रस्ताव सार्वमताला ठेवला गेला. दहाही बरोंमध्ये तो पडला आणि एकूण सुमारे ७९ टक्के मते विरोधात गेली. त्या पराभवानंतर बरोंनी हात झटकले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचा पैसा एकत्र करून संयुक्त वाहतूक निधी उभा केला, ट्रामचे मार्ग वाढवले आणि कोणत्या बरोला किती मिळाले यापेक्षा कोणत्या कामाने सर्व प्रदेशाचा सर्वाधिक लाभ होईल, या निकषावर कामांचा क्रम लावण्याचे ठरवले. माझ्या दृष्टीने ग्रेटर मँचेस्टरच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण तोपर्यंतचे सहकार्य वाटून घेण्याचे होते आणि येथून पुढे ते निवड करण्याचे झाले.

१ एप्रिल २०११ रोजी इंग्लंडमधील पहिले ‘संयुक्त प्राधिकरण’ येथे स्थापन झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांच्याशी अधिकार-हस्तांतरणाचा करार झाला, त्यात थेट निवडलेल्या महापौराची अट होती. त्याआधी दोनच वर्षे, मे २०१२ मध्ये, मँचेस्टर शहराच्या मतदारांनी शहरासाठी असा महापौर नाकारला होता, आणि प्रदेशासाठी मात्र या वेळी सार्वमत घेतलेच गेले नाही. ही या रचनेतील खरी उणीव आहे. मे २०१७ मध्ये अँडी बर्नहॅम निवडून आले तेव्हा मतदान ३० टक्क्यांपेक्षाही कमी झाले होते.

तरी अधिकारांचा उपयोग झाला. १९८६ मध्ये लंडनबाहेरची बससेवा खासगी कंपन्यांना मोकळी करून दिली गेली होती. मार्ग, वेळा आणि भाडी कंपन्याच ठरवत. ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून बोल्टन आणि विगनपासून सुरुवात करून बससेवा टप्प्याटप्प्याने सार्वजनिक नियंत्रणाखाली परत आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम सर्व दहा बरोंत पूर्ण झाले.

म्हणजे तेथे आता मतभेद होत नाहीत का?

होतात. डिसेंबर २०२० मध्ये स्टॉकपोर्ट परिषदेने घरबांधणी व हरितपट्ट्याच्या संयुक्त आराखड्यातून अंग काढून घेतले. दहाही परिषदांची संमती आवश्यक असल्याने मूळ आराखडा कोलमडला आणि उरलेल्या नऊ बरोंनी तो नव्याने पुढे नेऊन मार्च २०२४ मध्ये संमत केला. गाड्यांच्या बाबतीत एकमत होणे सोपे असते. कोणाच्या हिरव्या रानावर घरे बांधायची हे ठरवताना एकमताचा नियम अडतो.

फ्रान्समध्ये ल्यों आणि पॅरिस यांचे निकाल इतके वेगळे का?

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार नगरपालिका आहेत, त्यामुळे एकत्र येणे ही तेथे गरजच आहे. ल्यों परिसरातील नगरपालिकांचा समुदाय १९६९ मध्येच सुरू झाला. म्हणून २०१५ मध्ये त्याला ‘मेत्रोपोल’चा, म्हणजे महानगर संस्थेचा, दर्जा देऊन आपल्या हद्दीतले जिल्हा परिषदेसारख्या दुसऱ्या स्तराचे सर्व अधिकारही सोपवले गेले, तेव्हा पाणी, कचरा, रस्ते आणि समाजकल्याण एकाच छताखाली आले. एक स्तर वाढवण्याऐवजी एक स्तर कमी झाला, हे ल्योंचे वैशिष्ट्य. २०२० मध्ये तेथे १५० सदस्य थेट निवडले गेले. त्याची किंमतही आहे. निवडणूक मोठ्या मतदारसंघांतून होत असल्याने काही छोट्या गावांच्या महापौरांना त्या सभागृहात जागाच उरली नाही आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

पॅरिसमध्ये १ जानेवारी २०१६ रोजी १३१ नगरपालिकांचे मेत्रोपोल उभे राहिले, पण त्याच्या खाली प्रादेशिक गट, बाजूला जिल्हे आणि वर इल-द-फ्रान्स प्रदेश तसेच ठेवले गेले. शहराभोवतीची २०० किलोमीटरची आणि ६८ स्थानकांची नवी मेट्रो बांधण्याचे काम २०१० मध्ये स्थापलेल्या सरकारी कंपनीकडे आहे आणि वाहतुकीचे प्राधिकरण प्रदेशाकडे. ज्या संस्थेच्या नावात महानगर आहे तिच्याकडे महानगराची मेट्रो नाही. अशा संस्थेबद्दल नागरिकांना आपुलकी वाटावी अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

जर्मनीत सहकार्याची सुरुवात कोठून झाली?

तिकिटापासून. १९६५ मध्ये हांबुर्गमध्ये परिवहन संघ स्थापन झाला. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या, बस आणि बोटी यांना एकच वेळापत्रक आणि एकच तिकीट लागू झाले. जगातील असा हा पहिलाच संघ. म्युनिकने १९७२ च्या ऑलिंपिकच्या वर्षी तेच केले. प्रवाशाला हद्द दिसेनाशी झाली की पुढचे नियोजन सोपे होते, हा तेथील अनुभव आहे.

श्टुटगार्ट, म्हणजे मुंबईचे १९६८ पासूनचे भगिनी शहर, यापुढे गेले. १९९४ पासून तेथे शहर आणि पाच जिल्ह्यांतील एकूण १७९ नगरपालिकांसाठी थेट निवडलेले प्रादेशिक सभागृह आहे. उपनगरी रेल्वे, प्रादेशिक आराखडा आणि उद्योगविकास एवढीच त्याची मुख्य कामे. हानोफरने २००१ मध्ये जिल्हा आणि शहर यांची जोडणी करून २१ नगरपालिकांचा प्रदेश केला. रुहर खोऱ्यातील नियोजन मंडळ तर १९२० पासूनचे आहे, पण तेथील मतदारांना त्याचे सभागृह थेट निवडण्याची संधी २०२० मध्ये प्रथम मिळाली.

इटलीबद्दल काय सांगाल?

इटलीत महानगरांची तरतूद करणारा कायदा १९९० मध्ये झाला आणि तो कागदावरच राहिला. २०१४ च्या कायद्यानंतर २०१५ मध्ये महानगर संस्था सुरू झाल्या. जुन्या प्रांतांचीच हद्द घेतल्यामुळे तोरिनोच्या महानगरात आल्प्समधील खेडी धरून तीनशेहून अधिक नगरपालिका आहेत, आणि मध्यवर्ती शहराचा महापौर आपोआप सर्वांचा महापौर होतो. डोंगरातल्या गावकऱ्याने ज्याला मत दिलेच नाही तो त्याच्या रस्त्यांचा निर्णय घेतो, हा त्यातला दोष उघड आहे.

सामान्य प्रवाशाला याचा प्रत्यक्ष फायदा दिसतो का?

लिस्बनमध्ये तो स्पष्ट दिसला. लिस्बन महानगर क्षेत्रात १८ नगरपालिका आहेत. एप्रिल २०१९ पर्यंत तेथे कंपनीनुसार आणि मार्गानुसार असंख्य पास होते आणि सेतूबालसारख्या दूरच्या शहरातून येणाऱ्याला महिन्याला शंभर युरोंहून अधिक मोजावे लागत. त्या महिन्यापासून सर्व १८ नगरपालिकांत, सर्व वाहनांत चालणारा ४० युरोंचा एकच मासिक पास आला. सर्वांत दूर राहणारा बहुधा सर्वांत स्वस्त घर शोधत गेलेला असतो, आणि जुन्या व्यवस्थेत प्रवासाचा सर्वाधिक भार त्याच्यावरच पडत होता. यासाठी राष्ट्रीय अर्थसंकल्पातून निधी आला, नगरपालिकांनी आपला वाटा दिला आणि महानगर संस्थेने कंपन्यांशी करार केले.

पैसा कोठून येतो?

येथेच बहुतेक योजनांची परीक्षा होते. श्टुटगार्टची संस्था जिल्हे आणि नगरपालिकांकडून वर्गणी घेते, म्हणून देणारा नेहमी हिशेब मागतो. फ्रान्समध्ये ११ किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापना पगारपत्रकावर वाहतूक कर भरतात. १९७१ मध्ये पॅरिस परिसरात सुरू झालेल्या या करामुळे पुढे कितीतरी मध्यम शहरांना ट्राम परवडली. लंडनच्या महापौराला भाड्यांचे उत्पन्न आहे, घरपट्टीवर स्वतःचा भार लावता येतो, आणि २०२२ मध्ये खुल्या झालेल्या एलिझाबेथ रेल्वेमार्गासाठी मोठ्या व्यावसायिक जागांवर २०१० पासून अधिभार घेतला जात आहे. दरवर्षी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागणाऱ्या संस्थेला वीस वर्षांचा आराखडा करता येत नाही. म्हणून कोणत्याही महानगर संस्थेचा अभ्यास करताना मी आधी तिचा अर्थसंकल्प पाहतो आणि नंतर तिचा कायदा.

युरोपीय संघाची भूमिका किती?

स्थानिक शासनाची रचना ठरवण्याचा अधिकार संघाला नाही, तो प्रत्येक देशाचा आहे. तरी निधीच्या अटींतून संघाने सहकार्याला चालना दिली. २०१४ नंतरच्या निधी-चक्रात एकात्मिक प्रादेशिक गुंतवणुकीची सोय झाली आणि पोलंडने शहर व भोवतालच्या गावांनी संयुक्त योजना केल्याशिवाय हा निधी मिळणार नाही असा नियम केला. काटोवित्सेभोवतीच्या ४१ नगरपालिकांची महानगर संस्था २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने झाली. देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या सहकार्यासाठी २००६ मध्ये संघाने वेगळी कायदेशीर चौकट दिली, आणि तिच्याखालील पहिली संस्था २००८ मध्ये फ्रान्समधील लील आणि बेल्जियममधील कोर्त्रेक व तुर्ने यांनी स्थापन केली. स्त्रासबुर्गची ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतील केलपर्यंत जाते.

या अनुभवांचा महाराष्ट्राशी संबंध लावता येईल का?

एका मुद्द्यावर थेट लावता येतो. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत. त्यांच्यावरचे विकास प्राधिकरण १९७५ चे आहे आणि त्याचे अध्यक्षपद राज्य सरकारमधील मंत्र्याकडे असते. पुणे महानगर प्रदेशाच्या २०१५ मधील प्राधिकरणाचीही रचना तशीच आहे. म्हणजे लंडन आणि बार्सिलोनात वरच्या सत्तेने जी संस्था मोडली, ती येथे सुरुवातीपासून वरच्या सत्तेकडेच आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने दहा लाखांवरील वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती सांगितली असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे आहेत. ठाणे, वसई, पनवेल आणि मुंबई यांच्या प्रतिनिधींनी एका टेबलाशी बसून पाणी, कचरा आणि लोकलगाड्यांच्या पलीकडची बससेवा ठरवण्याची ती घटनादत्त जागा आहे, आणि त्यासाठी नवा कायदा शोधावा लागत नाही.